डोंगराचा खोडवा

ऊस तुटून गेल्यावर शेतात काय राहतं, हे आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला राहतो, खाली बुडखे राहतात. बुडखे जमिनीलगत छाटले आणि पाणी दिलं, की काही दिवसांत हिरवे कोंब वर येतात आणि नवी लागण न करता दुसरं पीक उभं राहतं. बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, मुळं आधीच जमिनीत आहेत. याला आपण खोडवा म्हणतो, त्याच्या पुढच्याला निडवा. निडव्याच्या पुढं रेटत नेलं तर फुटवे बारीक होत जातात, सरीत तुटाळ पडते, हेही आपल्याला माहीत आहे. तुटाळ पडली की आपण नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागी तेवढं बेणं लावतो. चार जागी ऊस मेला म्हणून कुणी अख्खा फड उपटून नवी लागण करत नाही.

आमच्या गावामागचा डोंगरही असाच खोडव्यावर उभा आहे, हे मला मात्र चाळिशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं.

गाव हातकणंगले तालुक्यातलं. कोल्हापूरचं जंगल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं राधानगरी-दाजीपूर येतं, गवे येतात, धुक्यातली हिरवीगार झाडी येते. ते बरोबरच आहे. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि पुढं ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं झालं. पण याच जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जाताना पाऊस दहापटीनं उतरतो, तसं जंगलही उतरतं. आळते, रामलिंग, बाहुबली या बाजूच्या डोंगरांवर ऐन, धावडा, मोई, पळस, खैर, बहावा, हिवर अशी पानझडीची झाडं. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ हिरवी, उन्हाळ्यात नुसत्या काटक्या. या जंगलाला आपण जंगल म्हणतच नाही. माळ म्हणतो, टेकडी म्हणतो, सातबाऱ्याच्या भाषेत पडीक म्हणतो.

तीनेक वर्षांपूर्वी, वळवाचे दोन पाऊस होऊन गेल्यावर, मी आमच्या तात्यांबरोबर डोंगरावर गेलो होतो. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, सगळी हयात गुरांमागं गेलेली. मार्चात डोंगर जळाला होता. जमीन काळी, मोठ्या झाडांचे बुंधे कमरेपर्यंत काळे आणि त्या काळ्यातून वीत-दोन वीत उंचीचे तांबूस कोंब जागोजाग वर आलेले. मी म्हणालो, "तात्या, बघा की, किती नवी रोपं उगवल्यात." त्यांनी खुरप्यानं एका कोंबाच्या बुडाची माती उकरली. वर करंगळीएवढा कोंब आणि खाली माझ्या मनगटापेक्षा जाड, गाठी-गाठी झालेलं मूळ. कोंबाच्या शेजारी जळून कोळसा झालेल्या चार-पाच जुन्या काड्यांची बुडं, एकाला एक चिकटलेली. तात्या म्हणाले, "नवं कुठलं रं? ह्यो ऐन तुझ्या लग्नाच्या आधीपासनं हाय हितं. दरसाल जळतोय, दरसाल फुटतोय. वर यायला कोन देतंय त्येला?"

कोरड्या जंगलाची पुढची पिढी कशी तयार होते, ते मला या एका मुळानं समजलं. पावसाळ्यात बी रुजलं की त्याच्यापुढं जेमतेम चार महिने असतात. पुढं आठ महिने पाणी नाही. म्हणून ते रोप वर वाढण्यापेक्षा खाली वाढतं. मुरुमातून वाट काढत ओलीपर्यंत मूळ पोचलं तर जगलं. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून जातो, मूळ टिकतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोंब, पुन्हा थोडं मूळ. अशी वर्षामागून वर्षं जातात. मुळात पुरेसा साठा झाला, की एखाद्या साली ते झाड झपाट्यानं उसळतं आणि माणसाच्या उंचीच्या वर निघून जातं. तोडलेल्या झाडाचंही तेच. ऐन, धावडा, पळस, खैर यांच्या खोडातून आणि मुळांतून धुमारे येतात. ब्रिटिश काळातल्या वनखात्यानं तर सरपणासाठी जंगलं ठरावीक वर्षांनी जमिनीलगत तोडून अशा फुटव्यावरच पुन्हा वाढवली. म्हणजे ज्याला आपण उजाड टेकडी म्हणतो तिच्या पोटात बऱ्याचदा अर्धं जंगल जिवंत असतं. ते वर येत नाही, कारण आपण त्याला वर येऊ देत नाही.

आता आपण काय करतो ते पाहू. दर जुलैत आपल्याला झाडांची आठवण येते. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासूनची ही रीत. आपल्या राज्यात २०१६ साली दोन कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी. मला या मोहिमांच्या हेतूबद्दल शंका नाही. शाळेतली पोरं हातात रोप घेऊन डोंगर चढतात तेव्हा मला आजही बरं वाटतं. पण मोजायचं काय, हे एकदा ठरलं की काम त्याच मापानं होतं. खड्डे मोजायचे ठरले, की जास्तीत जास्त खड्डे जिथं मारता येतील ती जागा शोधली जाते. अशी जागा म्हणजे मोकळी दिसणारी टेकडी.

मोकळी दिसते म्हणजे काय, हाही मुद्दा आहे. देशातल्या वनांच्या सरकारी मोजणीत वरून झाडांच्या शेंड्यांचं छत्र जमिनीचा किती भाग झाकतं ते पाहतात. दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते खुरटं झुडपी क्षेत्र. दहा ते चाळीसपर्यंत विरळ वन. तात्यांनी दाखवलेल्या त्या ऐनाची वीतभर काडी वरून कशी दिसणार? ती मोजणीत नाही. जे मोजणीत नाही ते रिकामं आणि जे रिकामं ते लागवडीला योग्य.

असंच एक काम मी जवळून पाहिलं आहे, त्यात माझेही हात होते. एका संस्थेनं आमच्या डोंगराची एक बाजू लागवडीला घेतली. आम्ही पन्नासेक जण श्रमदानाला गेलो. खड्डे वेळेत व्हावेत म्हणून आदल्या आठवड्यात जेसीबी लावून जागा साफ केली होती. साफ केली म्हणजे करवंदीच्या जाळ्या उपटून एका कडेला ढीग लावला होता. त्या ढिगात गाठीच्या मुळ्या होत्या, जाड, ओल्या, तुटलेल्या जागी पांढऱ्या. मला तेव्हा त्या कशाच्या ते कळलं नाही. आम्ही ओळीनं रोपं लावली, त्यात गुलमोहर होता, रेन ट्री होता, बरीचशी गिरिपुष्पाची होती. पहिला पावसाळा चांगला गेला. हिवाळ्यात दोन-तीनदा टँकर आला. मार्चात खालच्या फडातलं पाचट पेटवलं, वारा फिरला आणि आग डोंगरात घुसली. दोन तासांत सगळं संपलं. पुढच्या जूनमध्ये मी मुद्दाम गेलो. आम्ही लावलेलं जवळजवळ काहीच फुटलं नव्हतं. आणि जिथं जेसीबी पोचला नव्हता त्या घळीच्या काठानं पळस आणि ऐन नेहमीसारखे फुटले होते.

त्या उपटलेल्या करवंदीविषयी थोडं लिहायला हवं, कारण ती गेल्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. जाळीत हात घातलात तर ओरखडे निघतील, पण घालून बघा. आत सावली असते. पालापाचोळा अडकून कुजलेला असतो, माती एप्रिलातही हाताला गार लागते. बुलबुल, साळुंक्या फळं खाऊन जाळीवर बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया आत पडतात. गुरांचं तोंड तिथं पोचत नाही. घळीकाठच्या एका जाळीत मला कडुलिंबाची दोन रोपं आणि चंदनाचं एक सापडलं, कुणी न लावलेलं. चंदनाचं झाड शेजारच्या झाडांच्या मुळांतून आपल्या पोषणाचा काही भाग घेतं, एकट्यानं खड्ड्यात लावलं तर ते रखडतं. त्याला सोबत लागते आणि ती सोबत जाळीत आयती असते. आपण काटेरी झुडूप म्हणून जे आधी साफ करतो, तीच डोंगराची रोपवाटिका आहे. नर्सरीतल्या पिशवीत मुळं गोल फिरतात, जाळीत ती सरळ खाली जातात.

तरीही हा सगळा दोष लागवड करणाऱ्यांवर टाकून मोकळं होता येणार नाही. मूळ दुखणं आपलं, डोंगराखालच्या गावांचं आहे, आणि ते म्हणजे वणवा.

आपल्याकडचे वणवे निसर्ग लावत नाही. वीज पडते ती वळवाबरोबर, पावसासकट. फेब्रुवारी-मार्चात कोरड्या आभाळाखाली डोंगर पेटतो तो काडी ओढल्यामुळं किंवा शेतातली आग हाताबाहेर गेल्यामुळं. जळालं की गवत चांगलं येतं, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. राखेनंतर कोवळी हिरवी पाती लवकर दिसतात, हे खरं. पण दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर शेवटी कुसळी उरते, चांगली चाऱ्याची गवतं मागं पडतात, उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते. गवताची आग जमिनीवरून पळते. मोठ्या झाडाचा बुंधा काळा होतो, ते तगतं. मरतं ते गुडघ्याएवढं, कमरेएवढं सगळं. एखाद्या ऐनाला ज्वाळेच्या वर डोकं काढायला आणि आग सोसेल इतकी साल जाड व्हायला सलग काही वर्षं आगीविना मिळावी लागतात. ती कधी मिळतच नाहीत. म्हणून आमच्या डोंगरावर जुनी झाडं आहेत आणि वीतभर कोंब आहेत, मधलं काही नाही. एखाद्या गावात म्हातारी माणसं आणि पाळण्यातली पोरं असावीत आणि कर्तं माणूस एकही नसावं, तसा तो डोंगर झाला आहे.

आणि मुळातला साठा काही अखंड पुरत नाही. प्रत्येक फुटव्याला मूळ आपल्यातलं थोडं देतं. पान टिकलं तर ते परत मिळतं, जळलं तर खर्ची पडतं. निडव्याच्या पुढच्या उसाचं जे होतं तेच. एक दिवस बुडखा फुटत नाही. शिवाय फुटव्यावर जुनंच झाड जगतं, नवं झाड बियांवरच येतं. बी देण्याइतकं मोठं झाड उरलं नाही, की जंगलाची खरी लागण बंद झाली. राहतात ती गुरं न खाणारी आणि आगीतून निभावणारी झुडपं, तरवड, निर्गुडी, रुई आणि बाहेरून आलेली घाणेरी.

मला आशा वाटते ती पाचटामुळं. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे कृषी खात्याचे लोक आणि साखर कारखाने आम्हाला कित्येक वर्षं सांगत आले. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, जाळलं की त्यातला नत्र हवेत जातो आणि ओल टिकत नाही. सुरुवातीला गावात हसायचे. उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही, असं म्हणायचे. आज माझ्या ओळखीत अनेकजण पाचट ठेवून खोडवा घेतात, पाण्याच्या पाळ्या वाचल्या म्हणून समाधानी आहेत. ज्या शेतकऱ्याला आपल्या रानातल्या पाचटाची किंमत कळली, त्याला डोंगरातल्या पाल्याची किंमत कळणार नाही, हे मी मान्य करत नाही. गोष्ट एकच आहे. पाला जमिनीवर राहिला तर ओल राहते, ओल राहिली तर खोडवा उभा राहतो. आणि डोंगरालगतच्या फडांनी पाचट जाळणं थांबवलं, तर आमच्यासारख्या गावांत निम्मं काम तिथंच झालं, असं मला वाटतं.

चराईवर बोलताना मात्र मला अडखळायला होतं. चराई बंद करा असं कोल्हापुरात बसून लिहिणं सोपं आहे. ज्याच्याकडं गुंठाभर रान नाही आणि चार शेळ्यांवर पोरीच्या शिक्षणाचा खर्च चालतो, त्याला डोंगर बंद म्हणजे चूल बंद. शिवाय शेळी नुसतं खात नाही, पेरतेही. हिवराच्या, बाभळीच्या शेंगा ती खाते आणि तिच्या पोटातून गेलेलं बी लवकर रुजतं, म्हणून शेळ्यांच्या वाड्यातलं बाभळीचं बी लोक मुद्दाम वेचतात. अडचण होते ती सगळीकडं, सदासर्वकाळ चरण्यानं. कोंबाचा शेंडा दरसाल खुडला गेला, तर आग लागली काय नि न लागली काय, परिणाम तोच. म्हणून डोंगराचे तीन-चार भाग करावेत, एक भाग काही वर्षं बंद ठेवावा, बाकीचे चराईला मोकळे ठेवावेत. बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा असावी. गवत कापलं गेलं की आगीचं सरपणही कमी होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हेच केलं. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, पण गवत कापून न्यायची वाट खुली ठेवली गेली. त्यामुळं बंदी लोकांच्या पोटावर आली नाही, म्हणून ती टिकली. भाग कोणता आणि किती वर्षं बंद ठेवायचा हे ठरवताना गुरं राखणारी माणसं, धनगर, शेळीवाल्या बाया बैठकीत असल्याच पाहिजेत. कोणत्या घळीत काय फुटतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

कुणी म्हणेल, मग लागवड करायचीच नाही का? तर, करायची, जिथं तुटाळ आहे तिथं. ज्या टेकडीवर मुरूमच काढून नेला, जिथं खोडही नाही, मूळही नाही आणि बी देणारं झाड आसपास नाही, तिथं वाट बघत बसून काही होणार नाही. कोल्हापुरात याचं मोठं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सागरमाळावर उभं राहिलं तेव्हा ती जागा खरोखरच माळ होती. आज त्या साडेआठशे एकरांत जी झाडी दिसते ती लावलेली आणि राखलेली आहे. पण राखलेली हा शब्द विसरू नका. त्या आवाराला कुंपण होतं, पहारा होता, पाणी होतं. डोंगरावरच्या लागवडीला यातलं काय असतं? आणि नांग्या भरायच्या तर त्याच फडातल्या बेण्यानं. ऐनाच्या डोंगराला ऐन, बहावा, धावडा, हिवर. जांभूळ-कडुलिंबाचं बी फार दिवस टिकत नाही, पडल्या-पडल्या गोळा करून लगेच टोकावं लागतं. एक बंधन आणखी पाळायचं. प्रत्येक मोकळी जागा म्हणजे गेलेलं जंगल नव्हे. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारखे कातळाचे सडे आणि मूळची गवताळ माळरानं झाडांशिवायच पूर्ण आहेत. तिथं खड्डे मारणं म्हणजे असलेलं मोडणं.

पैशाचं काय, असा प्रश्न नेहमी येतो. रोपवाटिका, खड्डे, वाहतूक, टँकर यांवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत गावातल्याच माणसांच्या मजुरीवर गेला तर काय होईल, एवढाच हिशेब करून बघावा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलाला आग लावणं गुन्हा आहेच. उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेशही हल्ली वनखात्याच्या लोकांच्या मोबाइलवर येतो. पण संदेश येतो तेव्हा आग लागलेली असते, आणि एका वनरक्षकाच्या वाट्याला अनेक डोंगर असतात. तो पोचेपर्यंत घळ जळून गेलेली असते. गावातली आठ-दहा माणसं हंगामभर त्या कामावर असतील तर ती तिथंच असतील. आणि वर्षाच्या शेवटी मोजायचं ते खड्डे नकोत. ठरवून दिलेल्या तुकड्यात कमरेच्या वर गेलेली झाडं किती, छातीच्या वर गेलेली किती, एवढं मोजावं. सातवी-आठवीची मुलं हे काम सहज करतील.

आग लागली नाही तर काय होतं, ते दाखवणारी एक जागा आमच्या डोंगराला आहे. रस्ता आणि जुनी खाण यांच्या मधे अडकलेली तीन-चार एकरांची पट्टी. एका बाजूला डांबर, दुसऱ्या बाजूला खणलेला कातळ, त्यामुळं गेली काही वर्षं तिथं आग पोचलेलीच नाही. तिथं कुणी काही लावलं नाही. तिथले ऐन आता माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत, मोईची झाडं त्याहून उंच आणि मधे बहाव्याची एक रांगच्या रांग. तात्यांना गेल्या वर्षी मी तिथं घेऊन गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका ऐनाची साल बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाले, "आता ह्येला आग लागली तरी ह्यो ऱ्हातोय."

झाडांचा विषय आपल्या गावांत १ जुलैला निघतो, तेव्हा डोंगर हिरवा असतो आणि सगळ्यांना उत्साह असतो. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेत निघायला हवा. गवत तेव्हा वाळलेलं असतं, ऊसतोड जोरात असते आणि पहिली काडी पडायला तीन-चार आठवडे असतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, कुठून कुठं काढायची, डोंगराला लागून कुणाकुणाचे फड आहेत, त्यांतलं पाचट या साली न जाळता कसं कुजवायचं, कोणती घळ गुरांना बंद ठेवायची आणि त्या बदल्यात गवत कुणी कापून न्यायचं, एवढं त्या दिवशी नावानिशी ठरवता येतं. आमच्या गावात यंदा हा विषय मांडायला मी अर्ज दिला आहे. सोबत त्या पट्टीचा नकाशा जोडला आहे, हातानं काढलेला.